रेपकांचे वडील

मंगळवारी सकाळी ट्रामच्या थांब्यावर कोणीतरी माझ्या खांद्याला हात लावला आणि मी सवयीने आधी खिशातले ओळखपत्र चाचपले. मग वळून पाहिले. पन्नाशीची एक बाई होती. डोक्यावर हिरवी लोकरीची टोपी, हातातल्या जाळीच्या पिशवीत कोबीचा गड्डा. "गेझाकाका ना? ओळखलं नाहीत तुम्ही. मी विओला. रेपकांची." मी "हो, हो" म्हणालो, टोपीसुद्धा काढली, पण ओळख पटली नव्हती. मला ठाऊक असलेली विओला स्वयंपाकघरातल्या टेबलाखाली बसून माझ्या दोन्ही बुटांच्या नाड्या एकमेकींना बांधून ठेवायची, आणि मी उठताना पडलो की तिचे वडील खो खो हसायचे. ती मुलगी या बाईत कुठे असेल ते मी शोधत राहिलो. ती बोलत होती. बाबा गेल्या वर्षी गेले, तुमचं पत्र आलं होतं, फार छान लिहिलं होतंत, बाबा म्हणायचेच की लिहावं तर गेझानं. मग म्हणाली, "खोऱ्यात तारवाल्यांचं स्मारक होतंय. धरणाच्या वरच्या अंगाला. दगडावर नावं कोरणार आहेत, एक्केचाळीस. आजोबांचं नाव त्यात यायला हवं. पण तिथला सरपंच म्हणतो, बुडालेल्या जुन्या गावातल्या कोणीतरी लिहून द्या की हा माणूस तारवाला होता. आता जुन्या गावातलं आहे कोण? तुम्हीच! गुरुवारी येऊ? नुसती सही हवी." मी "ये" म्हणालो. कोणी काही मागितले की माझ्या तोंडून हा शब्द आधी निघतो आणि विचार मागाहून येतो. तिची ट्राम आली. खरे तर माझीही तीच होती. पण मी चढलो नाही. दारे मिटली, खिडकीतून तिने हिरव्या टोपीसकट मान हलवली, आणि मी तिथेच उभा राहून पुढच्या तीन ट्राम जाऊ दिल्या.

कारण रेपकांचे वडील तारवाले नव्हते. ते गिरणीवाले होते. तारवाले माझे वडील होते.

हे इतके सरळ वाक्य मी सत्तेचाळीस वर्षांत कोणापाशी उच्चारले नव्हते. मनातसुद्धा इतके सरळ उच्चारले असेल की नाही, शंका आहे. थांब्यावर ते ओठांवर आले तेव्हा मला ते दुसऱ्या कोणाचे तरी वाटले, एखाद्या फाइलीत वाचल्यासारखे. आमच्या खोऱ्यातले निम्मे पुरुष तारवाले. थंडी सरली की पाठीवर लाकडी पेटी, तारेची वेटोळी आणि उंदरांचे सापळे घेऊन ते निघायचे, डोंगर ओलांडून पोलंडात, हंगेरीत, कुठेही, आणि गावोगाव तडकलेली मातीची भांडी तारेच्या जाळीने बांधून द्यायचे. नाताळाला परत. गिरणीवाला मात्र गावात एकच. नदीकाठी त्याची दुमजली गिरणी, दारात दोन घोडे, हाताखाली दोन गडी. त्याचा मुलगा अलोइझ रेपका माझ्याहून सात वर्षांनी मोठा. युद्ध संपले तेव्हा गिरणीवाला टायफसने मेला होता आणि मुलगा डोंगरातून, बंडखोरांच्या तुकडीतून, बंदूक आणि लाल फीत घेऊन उतरला होता. ते मात्र खरे. त्याच्या शौर्याबद्दल मला कधी काही रचावे लागले नाही. आधी तो गावच्या समितीवर गेला, मग जिल्ह्याचा सचिव झाला, आणि एकतिसाव्या वर्षी ब्रातिस्लाव्हात अन्नपुरवठ्याचा आयुक्त. जाताना मला बरोबर घेऊन गेला, कारण माझे अक्षर बरे होते आणि मी पुस्तके वाचायचो. देशातल्या सगळ्या गिरण्या सरकारजमा करण्याच्या हुकमाचा मसुदा मी केला, सही त्याने केली. सही करून तो म्हणाला, "बाबा असते तर मला दळून टाकलं असतं."

पन्नास सालच्या शरद ऋतूत पक्षाच्या नोंदणी विभागाकडे एक निनावी पत्र आले. आयुक्तांच्या कचेरीत आमच्या गावच्या गिरणीवाल्याचा पोर घुसून बसला आहे, एवढेच त्यात होते. नाव नव्हते. त्या काळात प्रत्येकाला स्वतःचे चरित्र स्वतःच्या हाताने लिहून त्या विभागाला द्यावे लागे, दर दोन-तीन वर्षांनी नव्याने, आणि त्यात पहिला प्रश्न असे की बाप कोण, कष्टकरी की मालक. रेपकाने मला कचेरीतून बाहेर काढले आणि आम्ही डॅन्यूबच्या काठाने चाललो. वारा होता. त्याने कॉलर वर केली होती, त्यामुळे त्याचा आवाज कॉलरमधून येत होता. "पत्र आलंय म्हणजे त्यांना गिरणीवाला हवाच, गेझा. नाही मिळाला तर ते खणत राहतील. कचेरीत त्या गावचे आपण दोघंच. कोणीतरी एकानं गिरणीवाल्याचं व्हायचं." मी एका हाताने टोपी धरून चालत राहिलो. "तू चोवीस वर्षांचा. तुला पडायला उंचीच कुठे आहे? मी पडलो तर तुझ्या अंगावर पडेन. दोन वर्षं, पोरा. दोन वर्षांत सगळं निस्तरून देतो." मी मान हलवली, की वाऱ्याने टोपी उडेल म्हणून मान खाली घातली, ते आज सांगता येत नाही. त्याने होकार समजला. गावच्या समितीचा अध्यक्ष त्याचा मेहुणा होता. त्याने दोन्ही दाखल्यांवर शिक्के मारले. मग तिथेच, काठावरच्या बाकावर बसत, रेपका म्हणाला, "बरं, आता सांग. तुझा बाप कसा होता रे?" आणि, हे लिहितानाही कानशिले तापतात, मला आनंद झाला. तोपर्यंत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता.

कारण माझ्याकडे सांगण्यासारखा बाप नव्हता. चौतीस सालच्या मार्चमध्ये एका सोमवारी मातेय तुर्चान, माझे वडील, पेटी पाठीला लावून गेले आणि परत आले नाहीत. मी आठ वर्षांचा होतो. हंगेरीतल्या मिश्कोल्त्सहून एक कार्ड आले. त्या नाताळाला नाही आले, पुढच्याही नाही. मग खोऱ्यातल्या कोणीतरी बातमी आणली की देब्रेत्सेनच्या बाजारात ते चाळण्या विकत होते, शेजारी एक बाई होती, आणि बाईच्या कडेवर मूल. आईने बातमी आणणाऱ्याला बसा म्हटले नाही. एवढाच माझा बाप. रेपकाच्या स्वयंपाकघरात बसून मी त्याच्यासाठी जो लिहिला तो निराळा होता. तो कडाक्याच्या थंडीत एका श्रीमंत शेतकऱ्याच्या दारी आला, ताप अंगात, निवारा मागितला, शेतकऱ्याने गोठा दाखवला, आणि पहाटे गाईंच्या श्वासाच्या वाफेत तो मेला. खिशात पोरांसाठी घेतलेली शिट्टी. रेपकाने ते स्वतःच्या अक्षरात उतरवून घेतले आणि शिट्टीपाशी नाक शिंकरले. मला तो मेलेला बाप फार आवडला. निदान तो घरी यायला निघाला होता. त्याच टेबलावर, तीच दौत वापरून, मी माझे चरित्र लिहिले. माझे वडील दोन नोकर ठेवून गिरणी चालवीत. ते एका झटक्यात लिहून झाले. खोटे लिहिणे मला त्या दिवशी इतके सोपे गेले की तेच माझे स्वाभाविक काम असावे.

दोन वर्षांनी काही निस्तरले नाही. रेपका चढत गेला आणि मी बाजूला सरकत गेलो. गिरणीवाल्याच्या मुलाला आयुक्तांच्या कचेरीत ठेवता येईना म्हणून त्रेपन्नमध्ये मला शाळेची पुस्तके छापणाऱ्या प्रकाशनात पाठवले. पण दर दोन-तीन वर्षांनी, रविवारी, एक काळी गाडी आमच्या गल्लीत यायची. चालक शिट्टी वाजवायचा, आणि मी रेपकाच्या स्वयंपाकघरात जाऊन त्याचे चरित्र पुन्हा लिहायचो. प्रत्येक वेळी काहीतरी बदललेले असायचे. ज्यांच्या भाषणाने त्याला प्रेरणा मिळाली होती त्यांचे नाव काढायचे असायचे. ज्याच्याबरोबर तो डोंगरात लढला तो मित्र आता तुरुंगात असायचा, मग तो एकटाच लढला असे करायचे. मग मित्र सुटायचा. "चरित्र म्हणजे विजार, गेझा," रेपका म्हणायचा, "कमरेला सैल-घट्ट करता आली पाहिजे, नाहीतर माणूस भर सभेत उघडा पडतो." अडुसष्टच्या वसंतात त्याला आपण माणसाच्या बाजूचे आहोत असे लिहून हवे होते आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टात रशियन रणगाडे आल्यावर तेच खोडून. मी लिहिले, मी खोडले. एक गोष्ट कधी बदलावी लागली नाही ती म्हणजे बाप. उलट तो वाढत गेला. छप्पनमध्ये त्याला मिशी आली. साठमध्ये तो पोलिश खाण-कामगारांना गाणी शिकवू लागला. एकूण अकरा चरित्रे झाली. आता वडिलांना आठवायला गेलो की त्यांना मिशी असते. ती त्यांना होती का? आईला विचारता येत नाही, बहीण गेली, गाव पाण्याखाली. सोमवारी सकाळी दारातून निघालेला माणूस मला पाठमोरा आठवतो, आणि पाठीला मिशी नसते. गोठ्यातले मरण मात्र मी इतक्यांदा लिहिले आहे की त्या गवताचा वास मला येतो. जे घडलेच नाही त्याचा वास येतो आणि जे घडले त्याचा चेहरासुद्धा दिसत नाही. हे वयामुळे असेल, किंवा माझ्या मूळच्या भित्रेपणामुळे, किंवा फार पुस्तके वाचल्यामुळे. मला खात्रीने सांगता येत नाही.

सत्तर साली नोकरदारांच्या निष्ठेची छाननी झाली तेव्हा समितीचा अध्यक्ष रेपका होता आणि मी टेबलाच्या अलीकडे. लाल कापड, पाण्याची सुरई, पाच माणसे. मित्रराष्ट्रांच्या सैन्याच्या आगमनाबद्दल तुमचे मत काय, असे विचारले. मी काय उत्तर दिले ते आठवत नाही, म्हणजे कोणालाही समाधान होणार नाही असेच दिले असणार. मग रेपकाने माझी फाइल उघडली आणि शांत आवाजात वाचले, "वडील, गिरणीमालक." त्याने वर पाहिले नाही. वाचून झाल्यावर पेल्यात पाणी ओतले आणि पेला माझ्याकडे सरकवला. मला ते पाणी दयेचे वाटले की आणखी कसले, यावर मी किती रात्री घालवल्या असतील. त्या महिन्यापासून मी प्रकाशनाच्या गोदामात गठ्ठे मोजू लागलो. आणि दोन वर्षांनी आमच्या माग्दाला वैद्यकीय महाविद्यालयाने नाकारले. वर्गात पहिली आलेली मुलगी. पत्रात लिहिले होते, जागा अपुऱ्या. पण प्राचार्यांनी एतेलाला, माझ्या बायकोला, बाजूला घेऊन सांगितले की आजोबांची गिरणी आडवी आली.

आणि एतेलाला मी कधी सांगितले नव्हते. आमचे लग्न चोपन्नचे. ती मला गिरणीवाल्याचा मुलगा म्हणूनच भेटली आणि तसाच तिने मला पत्करला. तिच्या माहेरी सगळे रेल्वेतले, त्यांना हे फार उमदे वाटले की पोरीने वर्गशत्रूच्या पोराला माफ केले. सुरुवातीला सांगायचे राहून गेले. मग सांगितले तर आधी का नाही, हा प्रश्न आला. मग माग्दा झाली. मग माग्दाचे ते पत्र आले, आणि त्यानंतर सांगणे म्हणजे काय होते ते मी मनाला शब्दांत मांडूसुद्धा दिले नाही. एतेला आठ अर्ज घेऊन कचेऱ्या झिजवत होती आणि मी शेजारच्या खोलीत त्या अर्जांची भाषा सुधारत होतो. ब्याण्णव साली, राजवट बदलून जप्त केलेल्या मालमत्ता परत मिळू लागल्या तेव्हा, ती माझ्या मागे लागली, "अर्ज कर की रे. पाण्यात बुडालेल्या गिरणीचीसुद्धा भरपाई देतात म्हणे. त्या गिरणीनं आपल्याला एवढं छळलं, आता चार घास तरी घालू दे!" मी केला नाही. तिने ते माझ्या लाजरेपणावर ढकलले. माझ्या सगळ्याच गोष्टी ती लाजरेपणावर ढकलत आली आहे आणि मी तिला ढकलू देत आलो आहे.

बुधवारभर मी घरात एक पुस्तक हातात धरून बसलो. सही केली तर काय होईल? काहीच नाही. एका दगडावर इम्रिख रेपका हे नाव येईल, आणि धरणावर सहलीला आलेली माणसे त्यापाशी डबा उघडतील. माझ्या वडिलांना तसेही कोणी दगड देणार नव्हते. शिवाय ज्या बापाबद्दल ती सही मागत होती तो अर्धा मीच बनवलेला होता, मग तो माझा म्हणावा तरी किती? पण पेन उचलून मोकळ्या कागदावर नाव लिहून पाहिले तेव्हा हात थांबला. एकदा मी लिहून दिले होते की मी त्यांचा नाही. आता लिहून द्यायचे होते की ते माझे नाहीत. या दोन वाक्यांत काय फरक आहे ते मला सांगता येईना, पण हाताला तो कळत होता. न केली तर एतेला विचारणार, का नाही? संध्याकाळी ती म्हणाली, "पुस्तक उलटं धरलंयस." तसे ते नव्हते. मी तपासून पाहिले. ती मला चिडवत होती.

गुरुवारी तीनला विओला आली. एतेलाने खसखशीचा रोल केला होता आणि कॉफीचे पेले मांडले होते. विओला निवृत्त शिक्षिका. बसल्या बसल्या तिने आमच्या भिंतीवरच्या घड्याळाची वेळ बरोबर केली. "दोन मिनिटं मागे आहे, काका." मग पिशवीतून एक जाड खाकी पाकीट काढले. "बाबांच्या टेबलाच्या खणात सापडलं. नव्वद साली सगळ्यांच्या फायली ज्याच्या त्याला परत दिल्या ना, त्यातलं. बाबांची अकरा चरित्रं आहेत यात, आणि गंमत म्हणजे तुमचंही एक आहे. बाबांनी का ठेवलं होतं कोण जाणे. परत द्यायचं राहून गेलं असेल." तिने ते माझ्यापुढे ठेवले. माझे चोविसाव्या वर्षीचे अक्षर. किती नीटनेटके होते. एतेलाने चष्मा लावून वाकून वाचले आणि म्हणाली, "हीच ती. हीच ती गिरणी!" आणि विओलाकडे वळून, अगदी मनापासून, "तुमच्या बाबांचे उपकार आहेत हो आमच्यावर. आमच्या माग्दाला निदान नर्सिंगला तरी त्यांनीच लावून दिलं. मी तेव्हा पोसलेला हंस घेऊन गेले होते तुमच्याकडे, आठवतं? तुमच्या आईनं दारातच मिठी मारली मला."

"आठवतं! त्याच्या चरबीवर आम्ही महिनाभर पाव खाल्ला," विओला म्हणाली, आणि दोघी हसल्या.

सहीचा कागद टेबलावर होता. एकच ओळ, टंकलेली. मी पेन घेतले. तेवढ्यात विओलाने आपल्यापुढचा पेला उचलला, त्याला एक बारीक तडा होता, आणि बोटाच्या पेराने तिने त्यावर टकटक केले. "आजोबा असं करायचे म्हणे. भांडं हातात आलं की आधी वाजवायचे, मग कानाशी धरायचे, आणि मग पोराच्या कानाशी. 'ऐक, कुठं दुखतंय ते.' बाबा आमच्याशी तेच खेळायचे. कप फुटला की रागवायचे नाहीत. माझ्या कानाशी धरायचे. 'ऐक विओल्का, आजोबा ऐकायचे तसं.'" आणि तिने पेला स्वतःच्या कानाशी धरला.

हे मी कोणत्याही चरित्रात लिहिले नव्हते. अकराही मला पाठ आहेत. हे त्यांत नाही. माझ्या उजव्या कानाला गार लागले, मातीचा गारवा, आणि गारव्यामागे एक खरखरीत अंगठा, तारेने चिरा पडलेला, आणि त्या अंगठ्यामागे आवाज. मिशी होती की नाही माहीत नाही. आवाज होता. ऐक, कुठं दुखतंय. त्या बाकावर, डॅन्यूबच्या वाऱ्यात, मी रेपकाला हे सांगितले असणार, आणि सांगून टाकल्यावर विसरलो असणार. त्याने ते मरेपर्यंत सांभाळले. कागदावर येऊ दिले नाही, कोणत्या समितीला विकले नाही, आपल्या मुलीच्या कानाशी धरले. माग्दाच्या कानाशी मी कधी काही धरले नव्हते. ती कप फोडायची तेव्हा मी तुकडे वेचायचो आणि पुस्तकाकडे परतायचो.

"ते माझ्या कानाशी धरायचे," मी म्हणालो.

दोघी माझ्याकडे पाहू लागल्या. मी पेन खाली ठेवले. "विओला, तो तारवाला माझा बाप होता. तुझे आजोबा गिरणीवाले. पन्नास साली आम्ही बाप बदलून घेतले. तुझ्या बाबांचं चरित्र मी लिहिलं. माझं हेसुद्धा मीच." इतकेच. मला वाटले होते की हे सांगायला तासभर लागेल.

विओलाने पेला हळूच बशीत ठेवला. तिच्या चेहऱ्यावर राग आला नाही, आणि ते जास्त वाईट होते. चुकलेले गणित फळ्यावर सोडवणाऱ्या मुलाकडे पाहावे तशी ती माझ्याकडे पाहत होती. "काका," ती म्हणाली, "हे बघा, हे तुमचं अक्षर आहे. आणि हे बाबांचं. आणि हे दोन्ही दाखले, शिक्क्यांसकट."

"ते खोटे आहेत."

"सगळे? अकराच्या अकरा?" ती थोडी हसली. "आता गिरणीवाल्याची लाज कशाला, काका? ते दिवस गेले. आता तर लोक फुशारकीनं सांगतात, आमची गिरणी होती, आमचं हॉटेल होतं. तुम्हाला तारवाला हवासा वाटतो, कळतं मला. स्मारक वगैरे होतंय म्हणून. पण बाबांनी मरताना, नळ्या लावलेल्या असताना, त्यांचं नाव घेतलं हो. मी शेजारी होते. 'बापाला सांग, दार उघडंय,' असं म्हणाले. कोणी दुसऱ्याच्या बापाला असं बोलावतं का?"

 दार आमचे होते. आई रात्री दाराला कडी घालत नसे, तीन हिवाळे. हेही मीच त्याला सांगितले होते का? की गिरणीवाल्याचे, टायफसच्या खोलीचे, असे काही दार त्याचेही होते? विओला चूक असेल असे मला वाटत नव्हते, आणि मी खोटे बोलतो आहे असेही वाटत नव्हते. तिने कागद आवरले. जाताना दारात एतेलाला हलक्या आवाजात म्हणाली, "डॉक्टरांना दाखवा त्यांना. बाबांचंही शेवटी असंच झालं होतं, मध्येच काहीतरी निराळं बोलायचे." सहीचा कागद ती घेऊन गेली. माझे चरित्र मात्र टेबलावर राहिले.

एतेला दार लावून परत आली आणि उभीच राहिली. मी तिच्या चेहऱ्याकडे न पाहता खसखशीच्या चुऱ्याकडे पाहत होतो. त्रेचाळीस वर्षे झाली, मी खरे बोलतो तेव्हा माझा आवाज बसतो हे तिला ठाऊक आहे. तिला कागद लागत नाहीत.

"खरं आहे ना?" ती म्हणाली.

"हो."

"मला ठाऊक असतं तर मी प्राचार्यांच्या टेबलावर चढून ओरडले असते. सगळ्या ब्रातिस्लाव्हाला सांगितलं असतं."

"म्हणूनच—"

"गप्प बस." तिने पेले उचलले, पुन्हा खाली ठेवले. "माझ्याशी काय तो मी नंतर बघीन. मी म्हातारी झाले, माझं काय व्हायचं राहिलंय. रविवारी माग्दा जेवायला येते आहे. मी सूप वाढीन. आणि तू सांगशील. मी मध्ये एक शब्द बोलणार नाही, तुझी वाक्यं जुळवून देणार नाही, काही नाही. कळलं?"

शुक्रवार आणि शनिवार मी वाक्ये जुळवली. जी सुरुवात करावी ती कुठल्यातरी चरित्राची निघे. शनिवारी दुपारी वाटले, कदाचित विओलाच बरोबर असेल, सत्तर उलटल्यावर माणसाला असे हवेसे बाप दिसू लागत असतील. मग मी कानाला हात लावला आणि पुन्हा उलट वाटले. हे असे चालू राहिले.

माग्दा रविवारी बाराला आली. रुग्णालयातली सकाळची पाळी संपवून, बेचाळीस वर्षांची, पाय दुखत असल्याने बूट काढून अनवाणीच. एतेलाने कोंबडीचे सूप वाढले, शेवया वर तरंगत होत्या, आणि ती हात मांडीवर ठेवून बसली. मी म्हणालो, "माग्दा, माझा जन्म एका गरीब, कष्टकरी—" आणि थांबलो. हे वाक्य रेपकाचे होते. दुसरे शोधू लागलो. घाम आला असावा, कारण माग्दाने चमचा ठेवला, "बाबा, बरं नाही का?" म्हणत माझे मनगट धरले आणि तिचे ओठ हलू लागले. ती कामावर असते तशी मोजत होती. तिने मनगट धरले होते म्हणून मला बोलता आले असेल. मी चौतीस सालच्या त्या सोमवारपासून सुरुवात केली, पाठमोऱ्या माणसापासून. मग कार्ड, देब्रेत्सेनची बाई, मग बाक, मग दोन्ही कागद. गोठा आणि शिट्टी मी सांगितली नाहीत. सूप निवून वर चरबी धरली. एतेलाने शब्दाप्रमाणे एकही शब्द काढला नाही.

"म्हणजे माझ्या अर्जाला जोडलेला तो कागद खोटा होता," माग्दा म्हणाली.

"हो."

"आजोबांची गिरणी नव्हतीच."

"नव्हती."

"मग ते लिहिलं कोणी? रेपकांनी लिहून घेतलं, की त्यांच्या त्या मेहुण्यानं, की कोणी?"

माझ्या आयुष्यात खात्रीने सांगावे असे फार थोडे आहे. मिशी नाही, मान हलवली ते नाही, पाण्याचा पेला नाही. पण ती झटक्यात लिहिलेली ओळ मला दिसत होती, आणि ती धरणारा हातही.

"मी," मी म्हणालो. "कोणी हात धरला नव्हता."

माग्दाने माझे मनगट सोडले नाही. फक्त तिचे ओठ हलायचे थांबले होते. ती आता मोजत नव्हती.